टाका न धरणारं कापड

आमच्या लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्याकडंच झालं. बाळाच्या अंगाखाली घालायला गोधडी हवी होती. ती दुकानातून आणलेली नको, घरातल्या सगळ्यांच्या जुन्या कपड्यांची हवी, ही माझी हौस. अम्मा असती तर तिनंच शिवली असती. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. म्हणून मी स्वतःच ट्रंका उघडल्या, कपाटं उपसली आणि एक भलंमोठं गाठोडं बांधून आमच्या मागच्या गल्लीत वाकळा शिवून देणाऱ्या मावशींकडं नेलं. त्या गाठोड्यात अम्माची सुती लुगडी होती, माझे विटलेले सदरे होते, लेकीच्या कॉलेजातल्या लेगिंग्ज आणि टी-शर्ट होते, धाकट्याच्या आणि जावयाच्या जीन्स होत्या. सगळं घरच त्यात बांधलं होतं म्हणा ना.

मावशींनी गाठोडं सोडलं. एकेक कपडा दोन हातांत धरायचा, हलकेच ताणायचा आणि डावीकडं नाहीतर उजवीकडं टाकायचा, असं त्यांचं सुरू झालं. थोड्या वेळानं डावीकडं लहानसा ढीग झाला आणि उजवीकडं डोंगर. लहान ढिगात बहुतेक सगळं अम्माचं होतं. डोंगराकडं बोट दाखवत मावशी म्हणाल्या, "भाऊ, हे घरी घेऊन जावा. ह्याच्यात टाका धरत न्हाई."

मी म्हटलं, "अहो, ही जीन्स तर कापसाचीच आहे की."

त्यांनी जीन्सचा पाय ताणला आणि सोडला. तो सटकन जागेवर आला. "कापूस असा माघारी येतो व्हय?" त्या म्हणाल्या. "मी ताणून टाका घालणार, हे आत चुनणार. गोधडीची भाकरी फुगल्यासारखी गत व्हायची."

मी गाठोडं घेऊन परत आलो. तो प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. आमचं घराणं पिंजाऱ्याचं. आजोबांना आम्ही दादा म्हणायचो. खांद्यावर पिंजणाची कमान टाकून ते दिवाळीच्या आधी गावोगाव फिरायचे. लोक गाद्या-उशा उसवून आतला दबलेला, गोळे झालेला कापूस अंगणात ओतायचे. दादा ताणलेल्या तातेवर लाकडी ठोका मारायचे आणि त्या टणत्काराबरोबर तो कळकट कापूस ढगासारखा वर यायचा. तीच गादी, तोच कापूस, पण पुन्हा नवा. आमच्यात पुनर्जन्म मानत नाहीत. पण कापसाचा पुनर्जन्म मी लहानपणी डोळ्यांनी पाहिला आहे. आणि आता माझ्याच घरातल्या कपड्यांना तो नाकारला गेला होता.

घरी आल्यावर मी चष्मा लावून एकेका कपड्याच्या आतली चिठ्ठी वाचली. जीन्सवर लिहिलं होतं, ९८ टक्के कॉटन, २ टक्के इलास्टेन. लेगिंग्जवर ९५ आणि ५. खेळायच्या पँटवर पॉलिस्टर आणि १२ टक्के इलास्टेन. मावशींच्या बोटांना जे दोन टक्के कळले, ते मला पन्नाशी उलटेपर्यंत कळले नव्हते.

इलास्टेन म्हणजे ज्याला अमेरिकेत स्पँडेक्स म्हणतात आणि आपण लायक्रा या व्यापारी नावानं ओळखतो, तो धागा. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या वेन्सबरो इथं ड्युपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञानं १९५८ मध्ये तो तयार केला. त्या काळी बायकांच्या आतल्या घट्ट कपड्यांत रबराचा धागा असायचा. रबर जड, उकडणारं, घामानं आणि तेलानं लवकर कुजणारं. त्याला पर्याय हवा होता. इंग्रजीत ताणलं जाण्याला 'एक्स्पांड्स' म्हणतात. त्याच शब्दातली अक्षरं उलटसुलट करून 'स्पँडेक्स' हे नाव झालं. आम्हा कवींना असले खेळ आवडतात.

हा धागा ताणला जातो कसा? तो पॉलियुरेथेनचा, म्हणजे एका प्रकारच्या प्लॅस्टिकचाच असतो. त्याच्या प्रत्येक साखळीत दोन प्रकारचे भाग आळीपाळीनं येतात. एक मऊ, गुंडाळी होऊन सैल पडलेला. दुसरा कडक, शेजारच्या साखळीला घट्ट धरून बसलेला. लोकरीच्या गुंत्यात थोड्या थोड्या अंतरावर गाठी माराव्यात, तसं. ओढलं की मऊ भाग उलगडत जातात आणि गाठी त्यांना सुटू देत नाहीत. सोडलं की सगळं पुन्हा गुंडाळून बसतं. असा धागा मूळ लांबीच्या पाच-सहा पट ताणला जाऊन परत येतो. तो एकटा सहसा वापरत नाहीत. त्याच्याभोवती कापसाचा किंवा पॉलिस्टरचा पेळू गुंडाळून सूत काततात. म्हणून हाताला कापूसच लागतो. ताण आत लपलेला असतो.

आता या धाग्याला मी सरसकट शिव्या घालणार नाही. आमची लेक शाळेत खो-खो खेळायची. तिच्या आधीच्या पिढीतल्या मुली सलवार खोचून किंवा स्कर्ट सावरत पळायच्या. अर्धं लक्ष खांबाकडं, अर्धं कपड्याकडं. तिला तसं करावं लागलं नाही. भाजलेल्या रुग्णाच्या व्रणावर दाब ठेवणारे कपडे, पायाच्या फुगलेल्या शिरांसाठीचे मोजे, गरोदर बाईच्या पोटाला आधार देणारा पट्टा, या सगळ्यांत हाच धागा आहे. माझ्या उजव्या गुडघ्याला चढवलेली पट्टीही त्याचीच. ताणलं जाणं ही काही वाईट गोष्ट नाही. प्रश्न इतकाच, की त्याची किंमत कोण देतं आणि कधी देतं.

किंमत जन्मापासूनच सुरू होते. इलास्टेनचा कच्चा माल मुख्यतः खनिज तेलातून येतो. त्यात लागणारी आयसोसायनेट नावाची रसायनं श्वासावाटे गेली तर कामगाराला दमा जडू शकतो. बहुतेक कारखान्यांत हे पॉलियुरेथेन डायमिथाइल ॲसिटामाइड नावाच्या द्रावकात विरघळवतात, बारीक छिद्रांतून सोडतात आणि गरम हवेनं तो द्रावक उडवून धागा मागं ठेवतात. चांगल्या कारखान्यात द्रावक पकडून पुन्हा वापरला जातो. पण हे रसायन यकृताला त्रासदायक आहे, आणि प्रजननावर होणाऱ्या परिणामांमुळं युरोपीय संघानं २०११ मध्ये त्याची नोंद अतिशय चिंताजनक पदार्थांच्या यादीत केली. अंगावर येणाऱ्या तयार कपड्यात त्याचा अंश नगण्य असतो. जो काही धोका आहे, तो यंत्राजवळ उभ्या असणाऱ्या माणसाला.

हा ताणाचा धागा बहुतेक वेळा ज्याच्या सोबतीनं येतो, तो पॉलिस्टर. आमच्या लहानपणी टेरीन आणि टेरिकॉट म्हणजे श्रीमंती होती. लग्नात नवरदेवाला टेरिकॉटची पँट मिळाली की गावभर चर्चा. १९८२ मध्ये रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला आणि पुढं हे कापड गरिबाच्याही अंगावर आलं. इस्त्री नको, लवकर वाळतं, वर्षानुवर्षं टिकतं. कष्टकऱ्याला ते का आवडू नये? आज जगाचा हिशेब असा आहे: २०२३ मध्ये साऱ्या जगात सुमारे १२ कोटी ४० लाख टन धागा-तंतू तयार झाले. त्यातले ५७ टक्के एकटं पॉलिस्टर. कापूस साधारण पाचवा हिस्सा. आणि इलास्टेन? अवघा एक टक्का. वजनानं पाहिलं तर किरकोळ. पण भाजीत मीठ तरी किती असतं? कमी असलं म्हणून ते वेगळं काढता येतं का?

दुसरी किंमत धुण्याची. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातले रिचर्ड थॉम्पसन यांनी २००४ मध्ये समुद्रातल्या सूक्ष्म प्लॅस्टिककडं जगाचं लक्ष वेधलं. त्याच विद्यापीठात २०१६ मध्ये इमोजेन नॅपर आणि थॉम्पसन यांनी यंत्रात कपडे धुऊन सुटणारे तंतू मोजले. सहा किलो कपड्यांच्या एका धुण्यात ॲक्रिलिकचे ७ लाखांहून जास्त, पॉलिस्टरचे सुमारे ४ लाख ९६ हजार आणि पॉलिस्टर-कापूस मिश्रणाचे सुमारे १ लाख ३८ हजार तंतू सुटू शकतात, असा त्यांचा हिशेब निघाला. आपल्या धुण्याच्या फेसातून हे असं लाखांनी वाहत जातं.

तंतू तर कापसाच्या कपड्याचेही सुटतात. अम्मा लुगडी धोपटायची तेव्हाही सुटत होते. फरक एवढाच, की कापसाचा तंतू मातीतल्या आणि पाण्यातल्या जंतूंना कालांतरानं पचतो. पॉलिस्टर-इलास्टेनचा त्यांना पचत नाही. तो आणखी बारीक होतो, पण जात नाही. मैलापाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रात यातले बरेच तंतू गाळात अडकतात. मग तो गाळ खत म्हणून शेतात गेला की तंतूही शेतात. आणि आपल्याकडं तर केंद्रापर्यंत पोचणारं पाणीच कमी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज सुमारे ७२ हजार दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होत होतं, आणि प्रत्यक्षात शुद्ध होत होतं सुमारे २० हजार दशलक्ष लिटर. उरलेलं ओढ्यात, नदीत, खाडीत. २०२२ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २२ रक्तदात्यांचं रक्त तपासलं, तेव्हा १७ जणांच्या रक्तात प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण आढळले. त्यात पॉलिस्टर ज्यापासून होतं तेच प्लॅस्टिक सर्वांत जास्त जणांत होतं. त्याचा शरीरावर नेमका परिणाम काय, याचा शोध अजून चालू आहे. पण जे कापड आपण अंगावर घालतो, तेच प्लॅस्टिक आता आपल्या अंगातही आहे, एवढं खरं.

तिसरी किंमत शेवटाची. मावशींनी मला परत केलेलं गाठोडं म्हणजे नेमकी तीच.

कापडाचा शेवट आपल्याकडं कधी एकदम होत नसे. लुगडं जुनं झालं की त्याची गोधडी. गोधडी विरली की बाळाची दुपटी. मग पायपुसणं, पोतेरं, चुलीजवळचं फडकं. शेवटी उकिरडा आणि माती. चांगलं असेल ते बोहारणीला देऊन तिच्याकडून पातेलं घ्यायचं. यातलं काही उरत नसे. मोठ्या प्रमाणावर हेच काम जिथं चालतं, त्या गावाचं नाव मराठी माणूस विसरूच शकत नाही: पानिपत. १७६१ नं आपल्या भाषेला तो शब्द दिला. पण आजचं पानिपत हे जुन्या कपड्यांचं जगातलं एक मोठं केंद्र आहे. युरोप-अमेरिकेत टाकून दिलेले कपडे गठ्ठे बांधून जहाजानं कांडला बंदरात उतरतात आणि तिथून पानिपतला जातात. तिथं बायका बटणं, चेन, चिठ्ठ्या कापून काढतात. रंगारंगाचे ढीग लावतात, म्हणजे पुन्हा रंगवायला नको. मग दातेरी रुळांच्या यंत्रात ते कपडे फाडून त्यांचे पुन्हा तंतू करतात आणि त्यांचं जाडंभरडं सूत कातून घोंगड्या-ब्लँकेटं विणतात. भूकंप, पूर, अशा संकटांत वाटली जाणारी स्वस्त ब्लँकेटं पुष्कळदा याच सुताची असतात. हे काम म्हणजे माझ्या दादांच्या पिंजणाचाच थोरला अवतार.

लोकर या यंत्रात छान फाटते. कापूसही फाटतो. पण ताणाचा कपडा आला की यंत्राची पंचाईत होते. फाडण्याची सगळी युक्ती अशी, की दोन्हीकडून ओढायचं म्हणजे तंतू सुटतो. इलास्टेन ओढलं की फाटत नाही, लांबतं. आणि दात पुढं सरकले की सटकन माघारी येतं. ते रुळाला गुंडाळून बसतं. घर्षणाच्या उष्णतेनं मऊ होऊन त्याचे चिकट गोळे होतात. मावशींच्या सुईची जी तक्रार, तीच त्या यंत्राची.

बरं, फाडायचं नाही तर वितळवून किंवा विरघळवून घ्यावं? शुद्ध पॉलिस्टर वितळवून पुन्हा धागा करता येतो. पण त्या तापमानाला त्यातलं इलास्टेन विघटन पावतं आणि सगळा माल नासवतं. शुद्ध कापूस रसायनांत विरघळवून त्याचा नवा तंतू करता येतो. तिथंही इलास्टेन मधे गाळासारखं अडकतं. इलास्टेन तेवढं अलगद विरघळवून बाजूला काढायचे प्रयोग अनेक ठिकाणी चालू आहेत, काही यशस्वीही झाले आहेत, पण गल्लोगल्ली साचलेल्या ढिगांपर्यंत ते अजून पोचलेले नाहीत. एलन मॅकआर्थर फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालानुसार कपड्यांसाठी वापरल्या गेलेल्या मालापैकी एक टक्क्याहून कमी मालाचा पुन्हा कपडा होतो. मग उरतो तो कचरा डेपो किंवा काडी. आणि पॉलियुरेथेन जळताना निघणाऱ्या धुरात हायड्रोजन सायनाइडसारखा विषारी वायूही असू शकतो. शेकोटीत जुन्या लेगिंग्ज टाकू नका, हे एवढ्यासाठीच सांगतो.

म्हणजे बघा, जीन्समधला ९८ टक्के कापूस चांगला आहे. विदर्भातल्या नाहीतर खानदेशातल्या कुणा शेतकऱ्यानं कर्ज काढून, फवारणीचं विष नाकातोंडात घेऊन तो पिकवलेला असू शकतो. एक किलो सुती कापडामागं जगात सरासरी सुमारे दहा हजार लिटर पाणी लागतं. कापूसही काही धुतल्या तांदळासारखा नाही. त्याच्या माथी पाणी आहे, विष आहे. म्हणूनच तो वाया जाता कामा नये. पण कमरेला जरा सैल वाटावं म्हणून घातलेले दोन टक्के त्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांना माती होऊ देत नाहीत, सूत होऊ देत नाहीत, गोधडी होऊ देत नाहीत. मला या साऱ्या गोष्टीतलं सगळ्यात खुपतं ते हे.

मग काय, सगळ्यांनी धोतर नेसायचं? नाही. पण थोडं जुन्या शिंप्यांकडं बघावं. कापड ताणलं जात नव्हतं, म्हणून माणूस काही अखडून बसत नव्हता. सदऱ्याच्या काखेत एक चौकोनी तुकडा जोडलेला असे. हात आभाळाला लावला तरी शिवण उसवत नसे. चोळीचं कापड उरेब, म्हणजे तिरकं कापत. तिरक्या अंगानं साधं सुती कापडही चांगलं ताणतं. विणलेला स्वेटर निव्वळ लोकरीचा असूनही डोक्यातून जातो, कारण ताण त्याच्या फासांत असतो. आणि वाढत्या पोराच्या पँटीत शिंपी आत दोन बोटं कापड दाबून ठेवायचा; पोरगं वाढलं की उसवून सोडायचा. लवचीकपणा तेव्हा कापणाऱ्याच्या हातात होता. आता तो धाग्यात घातला आणि हातातली अक्कल स्वस्तात मोडीत काढली. पाच-सहा मापांत सगळं जग बसवायचं तर धागाच ताणायला हवा. प्रत्येकाचं माप कोण घेणार?

मी घरात काही साधे नियम केलेत. खेळायला, पोहायला, दुखऱ्या गुडघ्याला ताणाचा कपडा. रोजच्या वापराला शक्य तो एकाच तंतूचा. असेल तो ताणाचा कपडा टाकायचा नाही, फाटेपर्यंत वापरायचा. टाकून नवा सुती घेणं म्हणजे पुन्हा दहा हजार लिटरचा हिशेब. तो गार पाण्यात, यंत्र भरल्यावर आणि गरज असेल तेव्हाच धुवायचा. कडक पाण्यानं, ब्लीचिंगनं आणि कडक इस्त्रीनं इलास्टेन लवकर मरतं. गार पाण्यानं कपडाही टिकतो, तंतूही कमी सुटतात. पण खरं काम घरात भागणारं नाही. फ्रान्सनं २०२० मध्येच कायदा करून नव्या धुलाई यंत्रांत तंतू अडवणारी गाळणी असावी अशी तरतूद केली. कपडा जन्माला घालतानाच त्याच्या शेवटाचा विचार करायचा, ही सक्ती बनवणाऱ्यावर हवी. चिठ्ठी वाचणाऱ्या म्हाताऱ्यावर सगळा भार टाकून कसं चालेल?

परवा दुकानात मी शर्टाची आतली चिठ्ठी वाचत उभा होतो. पोऱ्या म्हणाला, "काका, साइज बघताय का? मी सांगतो." मी म्हटलं, "साइज नाही रे. हा पुढं कशाच्या उपयोगी पडेल ते बघतोय." तो हसला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं गेला.

गोधडी झाली. मावशींनी डाव्या बाजूच्या लहान ढिगातच भागवली. वर अम्माचं अंजिरी लुगडं, आत माझे सदरे. दोन हात लांब, तेवढीच रुंद. नात तिच्यावर झोपते, ओली करते. धुऊन उन्हात टाकली की संध्याकाळपर्यंत तयार. उजव्या बाजूचा डोंगर गाठोडं बांधून माळ्यावर ठेवलाय. बोहारीण आली होती. तिनं वरचे दोन कपडे ओढून पाहिले आणि काही न बोलता पुढच्या दाराला गेली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)